न दाखवलेले ठिपके

माझं लग्न तीन वर्षं टिकलं. ते का मोडलं, हे आमच्या गल्लीत आजही ज्याला जसं वाटेल तसं सांगतात. कुणी म्हणतं पोरगी वांझ होती, कुणी म्हणतं माझंच बाहेर काहीतरी होतं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अकरावीत असताना माझ्या लिंगाच्या कातडीवर बारीक, फिकट पिवळसर ठिपके दिसायला लागले. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. खाज नाही, दुखणं नाही, काही नाही. कातडी ताणली की मात्र उठून दिसायचे. विचारायचं कुणाला? वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात मी आणि आई, दोघंच, आणि दारात म्हैस. आईला असलं काही सांगायचं नसतं, एवढं मला कळत होतं. चार-सहा महिन्यांत जातील म्हणून गप्प राहिलो. ते गेले नाहीत.

बारावीनंतर आमच्याकडची बहुतेक पोरं उतरतात तसा मीही सैन्यभरतीला उतरलो. धावण्यात पास झालो. मग तपासणीसाठी आम्हा दहा जणांना कपडे काढून रांगेत उभं केलं. माझ्या शेजारी भुदरगडकडचा एक अनोळखी गडी होता. त्यानं सहज खाली बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पावणं, हे काय झालंय तुम्हाला? रोगबिग न्हाय न्हवं?"

सगळी रांग हसली. डॉक्टरांनी माझी छाती मोजली, दात बघितले, तळपाय बघितले आणि 'तळपाय सपाट' असं लिहून मला बाहेर काढलं. माझे तळपाय खरंच सपाट आहेत. पण मी त्या दिवशी डोक्यात घेतलं, की डॉक्टरांनी ते ठिपके बघितले आणि माझी लाज राखायला तळपायांचं नाव पुढं केलं.

बी.एड. करताना स्टँडच्या मागच्या भिंतीवरची गुप्तरोगाच्या इलाजाची एक जाहिरात वाचून मी एका लॉजवर गेलो. तिथल्या वैद्यानं मला तपासलंसुद्धा नाही. खुर्चीतूनच विचारलं, "किती वर्सं झाली?"

"पाच-सहा."

"लई उशीर केलास. आता लगीन केलंस तर बायकोला लागंल. पोरंबाळं न्हाय व्हायची."

त्यानं दिलेला काळा लेप लावला आणि कातडी सोलून निघाली. आठ दिवस धड चालता येईना. आईला सांगितलं, गाडीवरून पडलो. जखम भरली, ठिपके होते तिथंच राहिले. आणि बायकोला लागेल हे वाक्यही राहिलं.

गारगोटीच्या एका हायस्कूलात मला नोकरी लागली. कोल्हापुरातून रोज एस.टी.नं जाऊन-येऊन करायचो. आई स्थळं आणायची, मी काहीतरी खोड काढायचो. अशी चार वर्षं गेली. मग मलकापूरची एक मुलगी बघायला गेलो. ती कोल्हापुरातच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. चहा देऊन समोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही फारच कमी बोलता. चालेल मला. मी बोलते दोघांचं."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं कोण जाणे. नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो.

खरं तर तीच मला सांगू शकली असती. रोज आजारांचे रिपोर्ट हाताखालून जाणारी बाई ती. पण मी उलटाच विचार केला. हिला बघताक्षणी ओळखू येईल, ही मला घाणेरडा समजेल. आणि हिला माझ्यापासून काही लागलं तर? मग मी तिच्या जवळच जाईना. कधी पाठ दुखते म्हणायचो, कधी पेपर तपासायचे आहेत म्हणायचो. आधी पलंगाच्या कडेला सरकलो, मग बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. तिला माझ्याबरोबर रंकाळ्यावर फिरायला आवडायचं. तिथं चारचौघांत मी तिचा हात धरायचो. घरी आलो की सोडायचो.

एका रविवारी ती मेथी निवडत होती आणि मी शेजारी पेपर तपासत होतो. मान वर न करता तिनं विचारलं, "माझ्यात काय खोट आहे ते एकदा सांगून टाका. सुधारता आली तर सुधारते."

"तुझ्यात काही नाही."

"मग दुसरी कुणी आहे?"

"नाही."

"मग काय आहे?"

मी हातातलं लाल पेन खाली ठेवलं नाही. म्हणालो, "प्रत्येक गोष्टीला कारण असतंच काय?"

ती पुढची जुडी निवडायला लागली. नंतर तिनं तो प्रश्न परत विचारला नाही.

दुसऱ्या वर्षी आईनं नातवंडाचा धोशा लावला आणि आम्हाला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी तिला विचारलं, "संबंध नियमित आहेत ना?" मी खुर्चीवर शेजारीच बसलो होतो. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "हो."

मग तिच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त तिच्याच लॅबमध्ये गेलं, तिच्याच मैत्रिणींनी तपासलं. एकदा गर्भपिशवीत नळीनं औषध सोडून फोटो काढायचा होता. मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून तिचा आवाज आला. ती भिंतीला धरून बाहेर आली, बाकावर बसली, आणि म्हणाली, "रिक्षा बघा." एवढंच. माझ्या लाजेपायी तिनं ते सगळं सोसलं, आणि ती लाज कसली हे तिला ठाऊकही नव्हतं.

नागपंचमीला ती माहेरी गेली आणि तिथून फोन केला. "मी आता येत नाही. मला त्या घरात लाज वाटते."

"कसली?"

"नवरा असून नसल्याची."

मी आणायला गेलो नाही. संमतीनं घटस्फोट झाला. कोर्टाच्या पायरीवर ती मला "तब्येतीला जपा" म्हणाली. आई गल्लीभर सांगत फिरली, की पोरगी वांझ होती म्हणून सोडली. मी ऐकत राहिलो.

त्यानंतर दोन वर्षांनी मला जांघेत गजकर्ण झालं. मेडिकलमधली मलमं लावून हैराण झालो, शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. वयस्कर गृहस्थ होते. कपडे काढायला लागले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्यांनी गजकर्णाची औषधं लिहिली आणि "उठा" म्हणाले. मी उठलो नाही. पडल्यापडल्याच विचारलं, "आणि ते ठिपके?"

"कुठले? हे?" त्यांनी परत बघितलं. "हे काही नाही. तेलाच्या ग्रंथी आहेत. जन्मापासून असतात, वयात आल्यावर दिसायला लागतात."

"लागतात काय दुसऱ्याला?"

"काय लागणार? पुष्कळांना असतात. हे बघा." त्यांनी आपला वरचा ओठ बोटानं उलटून दाखवला. आत तसेच, फिकट पिवळे दाणे होते. "मलाही आहेत. काही करायचं नाही, लेपबिप काही लावायचा नाही. मूलबाळ होण्याचा आणि याचा काही संबंध नाही."

सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. मी तपासायच्या टेबलावर बसून रडायला लागलो. त्यांना वाटलं मी सुटल्याच्या आनंदानं रडतोय. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

आठवडाभरानं मी तिला फोन केला. तिचं कुरुंदवाडला दुसरं लग्न झालं होतं, तिला सातवा महिना होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, भरतीची रांग, तो वैद्य, डॉक्टर.

"एवढंच होतं?" शेवटी तिनं विचारलं.

"एवढंच."

"मला दाखवायचं होतं. मला कळलं नसतं तर मी कुणाला तरी विचारून आले असते." मग तिचा आवाज बदलला. "ती नळीची तपासणी झाली तेव्हा तुम्ही बाहेर बसला होता. तेव्हा तरी आत येऊन सांगायचं."

त्या दिवशी मी बाकावरून उठलोसुद्धा नव्हतो.

"आता फोन करू नका," ती म्हणाली. "राग नाही माझा. पण करू नका."

त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं. शब्द जुळत नव्हते, तरी सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "आणि मी त्या पोरीला गावभर वांझ म्हणत फिरलो की रं."

दुसऱ्या दिवशी ती लुगडं बदलून तयार. "मलकापूरला जाऊन येतो. तिच्या आईला भेटायला पायजे." मी बरोबर गेलो.

तिच्या आईनं दार उघडलं, आम्हाला बघून थबकली, पण आत घेतलं. पाणी दिलं. माझी आई तांब्याला हातही न लावता म्हणाली, "तुमच्या लेकीत कायबी खोट नव्हती. खोट आमच्या घरात हुती. मी तिला नको ते बोललो. हात जोडतो."

त्या बाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "लेक रडत हुती तवा यायचं हुतं, बाई." मग उठून चहा टाकला. आम्ही तो प्यालो. पुन्हा या असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

परतीच्या एस.टी.त आई खिडकीशी बसली होती. बांबवडे मागं पडल्यावर तिनं विचारलं, "दुखत हुतं काय रं तुला?"

"न्हाय आई. कधीच न्हाय."

"मग मला तरी सांगायचं. म्हशीच्या सडाला फोड आला तर धा जणांस्नी विचारत फिरत असतो मी. तू तर माझ्या पोटचा."

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. त्यानंतर तिनं माझ्या लग्नाचा विषय काढलेला नाही.

कुरुंदवाडला तिला मुलगी झाली, हे मला शाळेतल्या, तिकडच्याच एका सहकाऱ्याकडून कळलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. घरी येऊन मी आईला सांगितलं. "बरं झालं," आई म्हणाली आणि ताटं घेतली. आम्ही दोघं जेवायला बसलो.