तुरीला बांधलेले लाल दोरे

रुद्राणीला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगावं. लातूरच्या डाळमिलवाल्या मलप्पांची ही लेक जेवतानासुद्धा उठायच्या घाईत असायची. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांच्या शेतातली सगळी तूर करपली, एक झाड तेवढं हिरवं राहिलं. ते का वाचलं, या प्रश्नानं सोळा वर्षांच्या पोरीला जे पछाडलं ते कायमचंच. त्या झाडाचं बी दरसाल पेरून तिनं जपलं आणि ती आनुवंशिकी शिकली. त्या भागातून या विषयाकडं वळलेली ती पहिली मुलगी. लोक मात्र तिला बिनलग्नाची म्हणूनच ओळखायचे.

लातूर जिल्हा झाला त्या साली नव्या वाणांच्या सरकारी चाचणीची संधी आली. वाचलेल्या तुरीची फुलं लाल रेघांची, भरघोस पिकणाऱ्या तुरीची नुसती पिवळी. दोन्हींच्या संकरातून दुष्काळातही भरघोस पिकणारी तूर मिळवायला रुद्राणीनं कंबर मोडेस्तोवर वाकून पिवळ्या जातीच्या कळ्या चिमट्यानं उघडल्या, आतले पुंकेसर खुडले, लाल रेघांच्या फुलांचे पराग लावले आणि प्रत्येक कळीला खुणेचा लाल दोरा बांधला.

मग येळवस आली. त्या अमावस्येला अख्खं लातूर शेतात भज्जी-आंबील खायला जातं, कुणीही कुणाच्या शेतात शिरतं. रुद्राणी नेमकी चाचणीचे कागद घेऊन नांदेडला गेलेली. परत येऊन पाहते तर काय, शेंगाशेंगांना लाल दोरे! बायकांना वाटलं, नवसाची झाडं आहेत. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला दोरा कुठला नि नवसाचा कुठला, काही कळेना. चाचणी हुकली. आता दोऱ्याच्या सगळ्या शेंगांचं बी पेरायचं आणि फुलांची वाट बघायची, एवढंच हातात उरलं. ज्या झाडाला लाल रेघ येईल ते संकराचं, कारण ती रेघ लावलेल्या परागातूनच येणार.

वर्षभर ती कुणाशी धड बोलली नाही. पाऊस ओढ देऊन बसला तेव्हा तिची आई बसम्मा त्या रोपांसाठी घागरी वाहत होती.

कार्तिकात फुलं आली. रुद्राणी ओळीओळीनं पळत सुटली. पिवळं, पिवळं, नुसतं पिवळं. मग एक लाल रेघ दिसली. एकूण अकरा झाडं निघाली. रुद्राणी तिथंच ढेकळांत मटकन बसली.

बसम्मा म्हणाली, "पहिला नवसाचा दोरा मीच बांधला होता. माझं बघून बाकीच्यांनी बांधले. दोरे कशाचे, तू कधी सांगितलंस का आम्हाला?"

"माझ्या लग्नाचा नवस?"

"न्हाई गं. तुझी झाडं जगू दे म्हून."

रुद्राणीला रडू आवरेना. पहिला दोरा बांधणाऱ्या ज्या बाईला वर्षभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती ही! डोळे पुसून ती लगेच उठली, त्या अकरा झाडांवर खूण करायची होती. बसम्मानं आपल्या निळ्या लुगड्याच्या काठाचे दोरे ओढून काढले आणि विचारलं, कसं बांधायचं ते दाखव.