मावळत्या समितीची मान्यता

आमच्या मंडळात निवडणूक अशी कधी होतच नसे. गणपती झाले की उरलेला मसालेभात डब्यांत भरता भरता कुणीतरी म्हणायचं, "पुढच्या वर्षीही दादाच बघतील ना?" आणि आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दादा म्हणतात, हात जोडून म्हणायचे, "तुम्ही म्हणाल तसं." झाली निवड. आयर्लंडमधल्या मलिंगार, ॲथलोन आणि आजूबाजूच्या गावांतल्या मराठी घरांचं हे मंडळ. अर्धे आम्ही इस्पितळातले डॉक्टर, अर्धे कॉम्प्युटरवाले. सगळं बिनविरोध होतं याचा आम्हाला भारी अभिमान होता.

त्या वर्षी मात्र ॲथलोनच्या एका मुलीने अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. मुलगी म्हणजे पस्तिशीची, मूळची नागपूरची, दोन लेकरांची आई. तिला खुर्चीची हौस नव्हती. तिला ॲथलोनमध्ये दर शनिवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग हवा होता. मंडळाने तो सुरू करावा म्हणून ती केव्हापासून मागे लागली होती आणि दादा केव्हापासून "बघू" म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, मग मीच उभी राहते.

निवडणूक अधिकारी म्हणून माझं नाव दादांनीच सुचवलं. "भूल देणाऱ्या डॉक्टरवर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो," असं ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

काम हातात घेतलं म्हणून मी मंडळाची घटना वाचायला काढली. ती लिहिली होती माझ्या नवऱ्याने, जो समितीचा सचिव होता. बँकेत खातं उघडायला घटना लागते असं कळल्यावर त्याने पुण्यातल्या त्याच्या बाबांच्या हाउसिंग सोसायटीचे नियम मागवले आणि 'सोसायटी' होतं तिथे 'मंडळ' घातलं. त्यात एक कलम होतं. निवडणुकीचा निकाल मावळत्या समितीने मान्य केल्यावरच लागू होईल, त्या बैठकीला सातपैकी पाच सभासद हवेत, आणि तोवर जुनी समिती कारभार पाहील.

रविवारची सकाळ होती. मी थालीपीठ थापत होते, तो कांदा चिरत होता आणि घटनेचा कागद पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

"अरे, हे काय लिहून ठेवलंयस?" मी म्हटलं. "हरलेल्यांनी जिंकलेल्यांना पास करायचं?"

"तेव्हा कोण वाचत बसलं होतं."

"आणि पाच जण जमलेच नाहीत तर? हरलेल्या पार्टीतल्या तिघांनी राजीनामे दिले की कोरम संपला. मग निकाल लटकला आणि जुना अध्यक्ष तहहयात."

त्याने सुरी खाली ठेवली आणि तो खो खो हसला. म्हणाला, "आपल्यात असं कोण करणार आहे?" घटना बदलायची तर सगळ्या सभासदांची सभा घ्यावी लागली असती, आणि तेवढा वेळ नव्हता. पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. या सगळ्यात एक थालीपीठ करपलं, ते त्याने मुकाट्याने खाल्लं.

माझं नाव ठरलं त्याच सुमारास आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आयरिश गृहस्थांबरोबर मी इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीची मोजणी बघायला गेले होते. कठड्याला ओणवे होऊन ते सबंध दिवस उघडणाऱ्या मतपत्रिकांवर नजर ठेवून होते. त्यांचा माणूस पडला. अधिकाऱ्याने निकाल वाचला तसे ते कोटाची बटणं लावत म्हणाले, "दॅट्स दॅट, सो," आणि आम्ही चहा प्यायला गेलो. जुन्या कौन्सिलवाल्यांना, तुम्हाला हा निकाल पटतो का, असं कुणी विचारलं नाही. आपली मोजणीही अशीच उघड्यावर करायची, असं मी तेव्हाच मनाशी ठरवलं.

तशी ती केली. चर्चच्या हॉलमध्ये ख्रिसमसच्या चॉकलेटांचा रिकामा डबा ही आमची मतपेटी. टेबलाच्या पलीकडे दादा आणि ती, दोघांनाही उभं केलं आणि एकेक चिठ्ठी त्यांच्यासमोर उघडली. ती अकरा मतांनी जिंकली. मी निकाल मोठ्याने वाचला. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाले, सगळे जेवले. शनिवारच्या वर्गासाठी ॲथलोनमधली एक खोली तिने आधीच बघून ठेवली होती, तेही तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. आता फक्त समितीची मान्यता राहिली होती. ती बैठक त्याच आठवड्यात आमच्या घरी ठेवली.

बैठकीच्या दिवशी सकाळी नवऱ्याने मला विचारलं, "संध्याकाळी चहाबरोबर काय आणू? बिस्किटं चालतील ना?" मी म्हटलं, चालतील.

दुपारी दोन ऑपरेशनांच्या मधे मी फोन उघडला. मंडळाच्या ग्रुपवर तीन राजीनामे येऊन पडले होते. तिन्हींत वैयक्तिक कारण. पहिला दादांच्या मित्राचा, दुसरा त्यांच्या मेहुण्यांचा. तिसरा माझ्या नवऱ्याचा. पुढचा पेशंट टेबलावर होता, म्हणून मी फोन लॉकरमध्ये टाकला आणि आत गेले. हात आपलं काम करत होते, पण तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी दादा आले. उरलेले तिघेही आले, जिंकलेली मुलगीही आली. दादा सोफ्यावर बसून शांतपणे म्हणाले, "चार जणांत कोरम होत नाही. मी तरी काय करू? नियम तुझ्याच नवऱ्याने लिहिलेत."

"मग आता?"

"तू फक्त एवढं लिहून दे की मोजणीबद्दल थोडी शंका होती. मग आपण सगळे बसून बिनविरोध ठरवू. हिला उपाध्यक्ष करू. भांडण कशाला?"

"शंका कुणाला होती, दादा? तुम्ही समोर उभे होतात."

"अगं, शब्दाचा काय कीस काढतेस?"

ती मुलगी गाडीची किल्ली बोटात फिरवत बसली होती. "राहू द्या ना ताई," ती मला म्हणाली. "इट्स ग्रँड." इथे 'ठीक आहे' म्हणायचं तर ग्रँड म्हणतात; ग्रँड काहीच नव्हतं. तिने चहा तसाच ठेवला आणि ती निघाली. मी तसं काही लिहून दिलं नाही. उलट निकाल पुन्हा एकदा लिहून, खाली माझं नाव घालून ग्रुपवर टाकला. दोघांनीच अंगठ्याची खूण टाकली. वर जाता जाता आमची लेक म्हणाली, "युअर मॅन इज नॉट गोइंग एनीव्हेअर, आई." 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस', म्हणजे दादा. चौदा वर्षांच्या पोरीला जे दिसत होतं ते मंडळात कुणाला दिसत नव्हतं.

नवरा स्वयंपाकघरात कप पुसून कपाटात, इथल्या भाषेत प्रेसमध्ये, लावत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आपण इथे आलो तेव्हा दादांनी घर शोधून दिलं होतं. त्यांना नाही कसं म्हणू?" मला भयंकर राग आला होता, पण हे मला समजत होतं. त्याला कुणाला नाही म्हणताच येत नाही. दादांनी गळ घातली, हा बळी पडला, अशी मी माझी समजूत घातली, आणि थोड्या दिवसांनी आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो.

गणपतीत आरतीचं ताट दादांच्याच हातात होतं. ती मुलगी आली नव्हती. ॲथलोनची खोली तिने सोडून दिल्याचं दुसऱ्या कुणाकडून कळलं. जेवणाच्या रांगेत दादांच्या मेहुण्यांनी माझ्या पानात आग्रहाने जिलबी वाढली आणि प्रेमाने म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं डोकं मानलं हं. आम्ही तर हात टेकले होते. तेच म्हणाले, तिघं बाहेर पडा, कोरमच राहत नाही."

गाडीत लेक कानात हेडफोन घालून मागे झोपली होती. मी नवऱ्याला विचारलं, "ती युक्ती तुझी होती?"

त्याने आरशातून मागे झोपलेल्या लेकीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "दादा रडले गं माझ्यासमोर. मला बघवेना."

"मी हे विचारलं नाही. तुला सुचलं कसं?"

"तूच नाही का म्हणाली होतीस," तो म्हणाला. "थालीपीठं करताना."

अगदी सहज म्हणाला तो, एखाद्या भाजीची कृती माझ्याकडून शिकल्यासारखं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच थट्टेतून उचललेल्या वाक्याने त्याने माझा निकाल मोडला होता, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतही नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

अजूनही रविवारी आम्ही थालीपीठं करतो. तो कांदा चिरतो. मी काही वाचत असले तर मनातल्या मनात वाचते.