समजलं का, एकेचाळीस वेळा

चेतना हिवाळे आमच्या मुलुंडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते. मी, सौरभ परुळेकर, त्याच मुलांना केमिस्ट्री शिकवतो. म्हणजे पंगतीत लोणच्याचं जे स्थान, ते माझं. असलं तर असलं, नसलं तरी कोणी उठून जात नाही. मेकॅनिक्सचं तसं नव्हतं. शंभरातली साठ मुलं चेतनाच्या विषयात आपटायची आणि केटी घेऊन पुढच्या वर्गात जायची. केटी म्हणजे राहिलेला विषय पाठीवर लादून वर चढणं. पहिल्या वर्षाचा विषय दुसऱ्या वर्षाअखेरीस सुटला नाही, तर तिसऱ्या वर्षाचं दार बंद.

चेतनाला याचं वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर नाही. नऊ वर्षं ती एकच वाक्य म्हणायची, "पोरांची बारावीच कच्ची आहे रे, मी काय करू?" आम्ही सगळे स्टाफरूममध्ये माना डोलवायचो, कारण आम्हा सगळ्यांच्याच विषयात मुलांची बारावी कच्ची होती. बारावीवाले दहावीला शिव्या देत असणार आणि दहावीवाले बालवाडीला.

तिचं घर घाटकोपरला पंतनगरात. वडील जालन्याकडून आले, मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर झाले. कारखाना गेला, तिथे टॉवर आला, आणि दोन वर्षांनी वडीलही गेले. आई सुंदराबाई महापालिकेच्या शाळेत आया होत्या, आता निवृत्त. चेतना घरातली पहिली इंजिनीअर. वाचनालयात बसून, शेजाऱ्यांच्या टीव्हीला शिव्या घालत शिकली. तिलाही मेकॅनिक्समध्ये केटी लागली होती, एकदा नाही, दोनदा. हे कॉलेजात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं तर माझ्या टेस्ट ट्यूबांसकट मला खिडकीतून फेकून देईल, असं तिने मला प्रेमाने कळवलं होतं.

ऑगस्टमध्ये वर्गातल्या एका मुलीला कावीळ झाली. तिचा अभ्यास बुडू नये म्हणून प्रांजल नावाच्या पोराने चेतनाचं अख्खं लेक्चर फोनवर रेकॉर्ड केलं. हेतू चांगला होता. पण ती मुलगी बरी होईपर्यंत ते रेकॉर्डिंग चार ग्रुपांवर फिरून आलं होतं, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, "झोप येत नाही? हिवाळे मॅम लावा. साइड इफेक्ट नाहीत." फिरत फिरत ते माझ्याकडे आलं. मी ते चेतनाला पाठवलं. का पाठवलं? मजा म्हणून. माणूस चाळिशीला आला तरी आतला मागच्या बाकावरचा मुलगा मरत नाही.

पुढचं तिनेच मला सांगितलं. रविवारी दुपारी मटण-भाकरी खाऊन ती दिवाणावर आडवी झाली, कानात इअरफोन घातले आणि गुन्हेगार शोधायचा म्हणून ते लेक्चर लावलं. जाग आली तेव्हा सुंदराबाई तिचा खांदा हलवत होत्या.

"का गं, कानात घालून निजलीस? गाणी ऐकतीस का?"

"नाही आई. मी शिकवतेय ते ऐकत होते."

"मग निजलीस कशी?"

चेतनाने फोन बघितला. सतराव्या मिनिटाच्या पुढचं तिला काहीही आठवत नव्हतं. मग ती उठली, तोंड धुतलं, पेन घेतलं आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. पन्नास मिनिटांच्या तासात ती एकेचाळीस वेळा "समजलं का?" म्हणाली होती. आणि एकदाही उत्तरासाठी थांबली नव्हती. "समजलं का" आणि "तर पुढे" यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

सोमवारी तिने स्टाफरूममध्ये माझ्या पाठीत फाइल हाणली. "तू पाठवलंस ना? आता माझ्याबरोबर वर्गात चल. साक्षीदार पाहिजे."

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. माझ्या बाजूला श्रुतिका होती. ही खरं तर दुसऱ्या वर्षाची. दिंडोशीहून दोन बस बदलून यायची. मेकॅनिक्समध्ये दोनदा राहिली होती, म्हणून स्वतःच्या वर्गाला दांडी मारून पहिल्या वर्षाच्या तासाला येऊन बसायची. तिच्या मामाने मोबाइलच्या दुकानात काउंटरवरची नोकरी बघून ठेवली होती. यंदाही राहिली तर कॉलेज बंद, असं घरात ठरलं होतं.

चेतनाने हजेरी घेतलीच नाही. "रेकॉर्डिंग कुणी केलं?" तिने विचारलं. वर्गात इतकी शांतता, की पंखा किती खराब आहे ते प्रथमच कळलं. प्रांजलच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता.

"शिक्षा नाही करणार," ती म्हणाली. "मी ते काल ऐकलं. सतरा मिनिटांत झोपले."

एक पोरगी खुदकन हसली, मग सगळा वर्गच फुटला. चेतना हसली नाही, पण तिने थांबवलंही नाही. मग तिने प्रत्येकाला वहीचं अर्धं पान फाडायला लावलं. "नाव लिहू नका. या विषयातलं काय कळलं नाही, तेवढंच लिहा. मला शिव्या घालायच्या असतील तर शुद्ध मराठीत घाला, म्हणजे वाचायला बरं."

कँटीनमध्ये आम्ही त्या चिठ्ठ्या वाचल्या. एकीवर नुसतंच "सब कुछ". एकीवर, "मॅम, तुमची ओढणी मॅचिंग असते, बाकी काही कळत नाही." एकाने परुळेकर सरांचंही काही कळत नाही असं लिहिलं होतं. हा विषय सोडून केलेला प्रकार होता, म्हणून मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली. पण अकरा चिठ्ठ्यांवर जवळजवळ सारखाच प्रश्न होता. रोलर सपोर्ट म्हणजे काय? पुस्तकातल्या आकृतीत तुळईच्या एका टोकाखाली बारीक गोल काढलेले असतात, ते काय आहे? एकाने विचारलं होतं, "ती चाकं आहेत की शून्यं?"

चेतनाने ती चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "सौरभ, तू पाहिलायस का रे कधी रोलर सपोर्ट? खराखुरा?"

"गो बाय माझे, मी केमिस्ट्रीचा माणूस."

"मीपण नाही पाहिला," ती म्हणाली. "नऊ वर्षं ते गोल काढतेय. शिकताना काढले, नापास होताना काढले, शिकवतानाही काढले."

इंजिनीअरिंगला तिच्या वर्गात असलेली एक मैत्रीण पुलांच्या कामावर होती. चेतनाने तिला फोन लावला आणि बुधवारी सत्तर पोरं घेऊन ती हायवेवरच्या एका पुलाखाली जाऊन उभी राहिली. परवानगी वगैरे काही नाही. मला म्हणाली चल, मी गेलो. माझ्या पाठीवर अजून फाइलचा वळ होता.

पुलाखाली पोरांचा हा घोळका बघून ट्रॅफिकचा हवालदार धावत आला. "मोर्चा आहे का?"

"मेकॅनिक्सचा तास आहे," चेतना म्हणाली.

"इथे?"

"कॉलेजात नाही सापडला म्हणून इथे आलो."

हवालदारही आमच्याबरोबर वर बघू लागला. चेतनाने खांबाच्या माथ्यावर, तुळईच्या बुडाशी दिसणारी काळी रबराची गादी दाखवली. उन्हाने पूल लांब होतो, गारठ्याने आखडतो. त्याला सरकायला जागा दिली नाही तर तो खांबालाच ढकलेल. म्हणून त्या टोकाला गादी असते. जुन्या पुलांना खरोखरचे लोखंडी रोलर असायचे, पुस्तकातले गोल ते हेच. ही गादी वजन पेलते, पण पूल आडवा सरकला तर त्याला अडवत नाही.

"म्हणजे मॅम," श्रुतिका मोठ्याने म्हणाली, "ती फक्त वर उचलून धरते? म्हणून आपण आकृतीत तिथे एकच उभा बाण काढतो? आडवा बाण काढतच नाही?"

"हो."

"मग हे मला पहिल्या सेमिस्टरला का नाही सांगितलं?"

ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते. चेतना तिच्याकडे बघून म्हणाली, "मलाच माहीत नव्हतं गं. मी पाठ केलं होतं. दोनदा केटी लागली मला या विषयात. तिसऱ्यांदा पाठ करून सुटले, आणि मग तेच तुम्हाला विकत बसले."

जे गुपित सांगितलं तर ती मला खिडकीतून फेकणार होती, ते तिने सत्तर पोरांसमोर आणि एका हवालदारासमोर सांगून टाकलं. श्रुतिकाने पुलाचा फोटो काढला, नंतर अजून एक काढला.

आम्ही परत येईपर्यंत प्रिन्सिपल चंद्रप्रकाश सरांना खबर पोचली होती. सरांनी तिला बोलावलं, आणि साक्षीदार म्हणून मलाही. "रस्त्यावर एखाद्याला काही झालं असतं तर? पेपरात कुणाचं नाव आलं असतं, तुमचं की माझं?"

चेतना भांडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरोबर आहे सर. पोरांना तसं नेणं चुकलं."

सर गडबडले. त्यांनी बरीच वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. "जे काय करायचं ते वर्गात करा," एवढंच ते म्हणाले, आणि लेखी मेमो दिला.

मग तिने वर्गात सुरू केलं. फळ्यावर एक प्रश्न टाकायचा. कपडे वाळत घालायची दोरी आहे, मधोमध ओली चादर टाकली. दोरी सैल बांधली तर ताण जास्त, की ताठ बांधली तर? प्रत्येकाने आपलं उत्तर लिहायचं, हात वर करायचा. मग शेजाऱ्याशी भांडायचं, त्याला पटवायचं, आणि पुन्हा हात वर. त्यानंतरच ती खडू उचलणार.

पहिल्या दिवशी निम्म्यांनी लिहिलं, चादर तीच तर ताणही तोच. मग जो गोंगाट उठला त्यात शेजारच्या वर्गात माझी केमिस्ट्री बुडाली. "आमच्या गॅलरीत ताठ दोरी तुटते यार, सैल नाही तुटत, मी बघितलंय!" हे बरोबर उत्तर माझ्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं आणि माझी पोरं माझ्याऐवजी त्यावर वाद घालू लागली. मी प्रिन्सिपलकडे तक्रार केली. होय, मीच. मैत्री आपल्या जागी, पण माझा तास चालला होता.

तिच्या पद्धतीचे तोटेही होते. भांडणात वेळ जातो. नोव्हेंबर आला तेव्हा तिचं घर्षणाचं प्रकरण तसंच पडलं होतं. तिने ते तीन तासांत धावत उरकलं, अगदी जुन्या हिवाळे मॅमसारखं. आणि विद्यापीठाने नेमका त्यावरच मोठा प्रश्न टाकला. पेपर झाल्यावर पोरांनी जे मराठी वापरलं ते शुद्ध नव्हतं. चेतना जिन्यात उभी राहून ते ऐकत होती. "बरोबर बोलतायत," ती मला म्हणाली. "पुढच्या वर्षी ते आधी घेते."

फेब्रुवारीत निकाल लागला. आधी शंभरात चाळीस पास व्हायची, यंदा त्रेसष्ट झाली. प्रांजल राहिला. "मॅम, मी तर तुमचे सगळे तास रेकॉर्ड केले होते," तो रडवेला होऊन म्हणाला. चेतनाने विचारलं, "ऐकलेस का?" त्याने नकारार्थी मान हलवली. आता तो शनिवारी तिच्यासमोर बसून गणितं सोडवतो आणि मोबाइल तिच्या ड्रॉवरमध्ये असतो.

श्रुतिका पासाच्या रेघेवर दोन गुण जास्त घेऊन सुटली. तिने स्टाफरूममध्ये येऊन ते सांगितलं आणि दारातच उभी राहिली. "मामाला सांगितलं, दुसरं कोणतरी बघ," ती म्हणाली. चेतनाने तिला आत बोलावून बसवलं, स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "खा. तिसऱ्या वर्षाला याच्यापेक्षा वाईट विषय आहेत." श्रुतिका खाता खाता रडली. चेतना खिडकीबाहेर बघत राहिली, कारण तिला असल्या वेळी काय करायचं ते येत नाही.

कॉलेजने गेटवर मोठा फ्लेक्स लावला. नव्या डिजिटल फळ्यांमुळे निकालात भरघोस वाढ, असा मजकूर आणि संस्थाचालकांचा हात जोडलेला फोटो. ते फळे अजून खोक्यांतून निघालेलेही नव्हते. मी चिडलो, चेतना नाही. "लावू देत रे. फ्लेक्सवर माझा फोटो असता तर आई रिक्षा करून बघायला आली असती, आणि पंतनगरात सगळ्यांना आणलं असतं."

या सेमिस्टरला ती दर गुरुवारी माझ्या तासाला येऊन मागे बसते. मी बोलावलेलं नाही. पहिल्या गुरुवारी तास संपल्यावर ती माझ्याबरोबर जिना उतरली. मी वाट बघत होतो, निदान बरा होता तरी म्हणेल.

"तू पूर्ण वेळ फळ्याशी बोलतोस," ती म्हणाली. "पोरांकडे तुझी पाठ असते. तुझ्या शर्टाला मागे खडूचा पंजा आहे, तो मला पाठ झाला."

मी म्हटलं, विषयच तसा आहे, समीकरणं लिहावी लागतात, आणि पोरांची बारावीच कच्ची. ती थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी वर्गात परत गेलो. काही पोरं अजून दप्तरं भरत होती. मी त्यांना विचारलं की आज कुठे अडलं, आणि कुणीतरी तोंड उघडेपर्यंत थांबून राहिलो. फार वेळ लागला.