दालचिनीची वडी

ट्राउडेल प्योलांड एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नव्हती. पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा कायम चालू, अशी ही बाई. ग्राइत्स गावच्या एका छोट्या सायकल संघात तिनं उभी हयात स्वारांच्या मांड्या चोळल्या, घामट जर्सी धुतल्या आणि शर्यतीत रस्त्याच्या कडेला उभं राहून धावत्या सायकलस्वारांच्या हाती खाण्याच्या पिशव्या दिल्या. पैसे देणारा बदलला की संघाचं नाव बदलायचं. आधी खिडक्यांच्या कारखान्याचं नाव होतं, मग सॉसेजवाल्याचं, मग आणखी कुणाचं. जर्सी निळी झाली, पिवळी झाली, शेवटी हिरवी झाली. ट्राउडेल म्हणायची, "रंग कुठलाही आणा मेल्यांनो, डाग मलाच काढायचेत."

एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. संघ उतरला आणि निकालात त्याचं एकही नाव नाही, असं एकाही शर्यतीत झालं नव्हतं. शेवटून पहिला का होईना, कुणीतरी पोचायचाच. संघ चालवणाऱ्या म्हाताऱ्या एकेहार्ट लोझंला याचा भारी अभिमान. जिंकणं त्यांच्या वाट्याला फारसं आलंच नव्हतं, मग माणसानं अभिमान धरायचा तरी कशाचा?

आज शेवटची शर्यत होती. पुढच्या मोसमासाठी पैसे लावायला कुणी पुढं आलं नव्हतं, त्यामुळं संध्याकाळी संघ बंद. सकाळपासून ट्राउडेलच्या जिवाची नुसती घालमेल. दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या पाडताना तिचा हात आपोआप डब्याकडे गेला आणि योस्ट नावाच्या स्वाराच्या वाटणीतल्या एका वडीवर दालचिनी भुरभुरली. "हात झडो तुझा," असं स्वतःलाच म्हणत तिनं ती वडी तशीच कागदात गुंडाळली.

आता डोंगराच्या चढावर, जिथं खाणं द्यायची परवानगी असते तिथं, ती हिरवी जर्सी चढवून येरझारा घालत होती. तेवढ्यात लोझंचा गाडीतून फोन आला.

"दोघं पडले, तिघांनी शर्यत सोडली. एकटा योस्ट उरलाय, मागच्या घोळक्यात. खाण्याचे खिसे रिकामे झालेत त्याचे. त्याला पिशवी मिळाली नाही तर तोही गेला म्हणून समज."

"न मिळायला काय झालं? आजवर कधी चुकलीय माझी?"

"म्हणूनच सांगतोय, आज चुकवू नकोस."

"ठेव फोन. चुकली तर तुझ्या या बडबडीनंच चुकेल."

गोंधळ नको म्हणून तिनं बाकीच्या पिशव्या गाडीत टाकल्या आणि योस्टची तेवढी हातात धरली. घोळका आला. सगळ्यांची डोकी शिरस्त्राणात, सगळ्यांचे डोळे काळ्या काचांमागे. या धंद्यातली जुनी माणसं तोंडं बघतच नाहीत, चाल बघतात. ट्राउडेलला एक पडका उजवा खांदा दिसला, बाहेर फेकलेला डावा गुडघा दिसला, आणि तिनं पिशवी पुढं केली. त्यानंही हात घातला आणि पिशवीचा बंद खांद्यावर टाकून तो निघून गेला.

जर्सी लाल होती.

तो फोल्कमार होता. सात वर्षं तिनं तो खांदा चोळला होता. दोन वर्षांपूर्वी तो मोठ्या संघात गेला, जाताना सगळ्यात वेगवान गडीही सोबत घेऊन गेला, आणि तिथून यांचा संघ जो घसरणीला लागला तो लागलाच. तेव्हापासून ट्राउडेल त्याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. आणि आज दोघांच्याही हातांनी दगा दिला. आठ-दहा सायकली मागून योस्ट आला, हात लांब करून. तिच्या हातात काही नव्हतं. ती गाडीकडे धावली, दुसरी पिशवी घेऊन वळली, तोवर तो चढावरून दिसेनासा झाला होता.

शेवटच्या रेषेपर्यंत तिनं गाडी अशी हाकली की रस्त्यानंही शिव्या खाल्ल्या असतील. "आयत्या बिळावर नागोबा," ती पुटपुटत होती. "आमचा संघ खाल्ला, आता आमच्या माणसाचा घासही खाल्ला." पण राग त्याच्यावर काढून भागेना. हात तिचा होता. आता निकालात संघाचं नाव नसणार, तेही तिच्या हातानं, आणि लोझंला तोंड कसं दाखवायचं, हे तिला कळेना.

पहिले आले, मधले आले. फोल्कमार बराच मागं पडून आला, त्याचा व्यवस्थापक त्याला तिथंच फाडून खाऊ लागला. ट्राउडेल कठड्याजवळ इकडून तिकडं फिरत राहिली. निकालात नाव धरायची मुदत संपत आली आणि वळणावर मागं राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी दिसली. तिच्यापुढं एक हिरवी जर्सी डुलत येत होती. योस्टच्या गळ्यात रिकामी कापडी पिशवी लोंबत होती.

मुदतीत पोचला. लोझंनं टोपी काढली आणि तोंड फिरवलं.

"पिशवी कुठून आली?" ट्राउडेलनं योस्टचा दंड धरला.

"फोल्कमारनं दिली. घोळका सोडून माझ्यासाठी मागं थांबला येडा." योस्टला धाप लागली होती. "एक वडी तेवढी काढून घेतली. म्हणाला, ही माझी. दालचिनीची होती. दोन वर्षं सांगतोय तुला, आमच्यात कुणी दालचिनी खात नाही. तरी तू घालतेसच."

ट्राउडेलनं त्याचा दंड सोडला.

ती सरळ लाल संघाच्या गाडीकडे गेली. फोल्कमार पायरीवर मान खाली घालून बसला होता.

"तिकडं तोंड कर," ती म्हणाली, आणि त्याच्या मागं बसून तिनं उजव्या खांद्यात अंगठा रुतवला. "अजून पडतोय हा. तिथं कोण चोळतं तुला?"

"यंत्र आहे."

"यंत्र म्हणे. दगड झालाय नुसता."

बराच वेळ ती दाबत राहिली. मग त्यानं मान न वळवता विचारलं, "उद्यापासून कुणाला चोळणार गं तू?"

तिचा अंगठा थांबला.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.