नवरी न ओळखणारा कॅमेरा

आमच्या एसिरकेपच्या कॅमेऱ्याला नवरी दिसत नाही. सासू दिसते, सासूच्या जावा दिसतात, मी तर इतका लख्ख दिसतो की गाताना माझ्या नाकातले केससुद्धा मोजून घ्यावेत. फक्त नवरी तेवढी दिसत नाही. मला याचा भयंकर राग आहे आणि हे सांगतोय तेही रागातच.

मी माकुलबेक, लोकांचा माके. ताराझ शहराच्या आसपासच्या गावांत लग्नांमध्ये बेताशार गातो. नवरी सासरच्या अंगणात ओढणीखाली उभी असते, मी एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन त्याची टर उडवत गातो, ती त्याला वाकून सलाम करते आणि शेवटी मी माझ्या दोनतारी दोंब्राच्या दांडीने तिच्या तोंडावरची ओढणी उचलतो. तो क्षण टिपायचं काम एसिरकेपचं. आमची जोडी इतकी जुनी आहे की मी कुठे एकटा दिसलो तर लोक विचारतात, "दुसरा गेला की काय?"

एसिरकेप उंच, पाठीत वाकलेला, बोलण्यात कंजूष. पूर्वी खांद्यावर टेपचा भलामोठा कॅमेरा घेऊन हाताने फोकस करायचा आणि नवरीची पापणी लवली तरी ती सोडायचा नाही. मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, डाव्यातही धूसर दिसायला लागलं. हाताने फोकस करायचा तर आधी स्वतःला दिसायला हवं ना! तेव्हा घरची घोडी विकून त्याने आपणहून चेहरा शोधणारा कॅमेरा घेतला. घरी आणल्या आणल्या तो बायकोवर रोखला. तिच्या तोंडाभोवती हिरवी चौकट आली.

"बघ, मला दिसत नाहीस, पण याला दिसतेस," तो म्हणाला.

"चला, इतक्या वर्षांनी कुणाला तरी दिसले म्हणायची!" बायको म्हणाली.

माणूस पुन्हा उभा राहिला. आणि पहिल्याच बेताशारला गोची कळली. हा कॅमेरा बनवणाऱ्यांच्या देशात नवऱ्या उघड्या तोंडाने लग्न करत असाव्यात. ओढणीखाली चेहरा नाही, म्हणून कॅमेरा शेजारचा चेहरा पकडतो, बहुतेक वेळा सासूचा. ओढणी उचलली तरी सासूला सोडायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप, तोच क्षण धुक्यात.

पुढे कंपनीने नवा कॅमेरा काढला. त्यात पडद्यावर बोटाने चौकट आखायची. चौकटीत जो असेल, मग तो झाकलेला असो की उघडा, कॅमेरा त्याला सोडत नाही. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने आमच्यासमोर दोन्ही उघडले. आतली सर्किटची पाटी तीच, मेंदू तोच, वरचा आकडा तेवढा वेगळा. म्हणजे हे शहाणपण आमच्या कॅमेऱ्यातही घालता आलं असतं. एसिरकेपने मुलीकडून कंपनीला लिहून घेतलं. उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, ही सोय फक्त नव्या कॅमेऱ्यासाठी आहे. मोलाचं म्हणे! अपडेट एकदा आलं होतं, नाही असं नाही. त्यात काय दिलं? कॅमेरा चालू केला की कंपनीचं नाव आता गिरकी घेत येतं.

कॅमेरे विकणाऱ्या काइरझानच्या दुकानात आम्ही यावरून भांडलो. पोरगा 'आगा', म्हणजे दादा, म्हणत चहा पाजतो आणि वर अक्कल शिकवतो.

"आगा, विकताना कंपनीने वचन दिलं होतं का?" तो म्हणाला. "जे सांगून विकलं ते दिलं. तुम्ही कुणाकडून घोडा घेतलात आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडे जास्त पळणारं शिंगरू झालं, तर जाऊन त्याचा वेग मागता का?"

"घोड्याचा वेग काढून कपाटात ठेवता येत नाही," एसिरकेप म्हणाला. "यांनी ठेवलाय. किल्ली यांच्याच खिशात आहे."

"सगळं जुन्यालाच दिलं तर नवा कोण घेणार? त्या इंजिनियरांच्या पोरांनी खायचं काय?"

"आणि आम्ही काय खायचं? तुझा गिरकी घेणारा शिक्का?" मी ओरडलो. त्याने हसत माझ्या पेल्यातल्या चहात दूध ओतलं. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर मी जास्त ओरडलो.

नवा घ्यायला पैसे नव्हते, मग आम्ही आमची तोड काढली. सासूला बाजूला उभं करायचं, कॅमेऱ्यात नवरी एकटी घ्यायची, तयारी झाली की एसिरकेपने खोकायचं आणि मी ओढणी उचलायची. जमत होतं. कुल्झिपाच्या लेकीच्या लग्नापर्यंत जमत होतं.

कुल्झिपा दूधकेंद्रावर काम करते. नवरीच्या आईने सासरच्या बेताशारला जायचं नाही ही आमची रीत, म्हणून ती आदल्या दिवशी एसिरकेपकडे आली. मी तिथेच होतो.

"आगा, बाकी काही नको. ओढणी उचलल्यावर शिनारचं तोंड कसं होतं तेवढं मला दाखवा," ती म्हणाली. "पोरीने स्थळाला लगेच होकार दिला. बापाचं दुखणं बघून दिला की मनापासून दिला, मला कळत नाही. विचारलं की म्हणते, मजेत आहे. आज सासरी निघताना रडलीसुद्धा नाही. एकदा ओढणी निघाली आणि चार माणसं दिसली की ती तोंड सावरून घेईल. त्याच्या आधीचं मला बघायचंय."

"दाखवतो," एसिरकेप म्हणाला. मीही छाती ठोकून हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. सासूला मी गाण्यातूनच चिमटे काढत बाजूला उभं केलं. शिनार वाकून सलाम करत होती. एसिरकेप खोकला. मी दांडी ओढणीखाली घातली आणि तेवढ्यात ती बाई सुनेचा पहिला मुका आपणच घ्यायचा म्हणून जावांना घेऊन पुढे घुसली. माझा हात तोवर वर गेला होता. पाहुण्यांच्या हातांत फोन होते, पण त्यांत या बायकांच्या पाठी आणि रुमाल याखेरीज काही आलं नाही. नवरीचं तोंड दिसेल असा बाजूला एकटा एसिरकेप होता, आणि त्याच्या कॅमेऱ्याने सासूला धरलं.

आठवड्याने कुल्झिपा बघायला आली. एसिरकेपच्या बायकोने कणकेचे बाउरसाक तळले होते, त्यांना कुणी हात लावला नाही. पडद्यावर ओढणी वर गेली. सासूच्या गालावरचा तीळ स्पष्ट, सोन्याचा दात स्पष्ट. तिच्याशेजारी पांढरट डाग, तोच शिनार. डागाचं तोंड झालं तोवर नजर खाली गेली होती, ओठ मिटले होते. ती सून झाली होती.

"थांबवा," कुल्झिपा म्हणाली. डागावर बोट ठेवलं. "हे पांढरं काय आहे? दात आहेत का? हसतेय का ती?"

एसिरकेपने चष्मा काढून पडद्याला नाक लावलं. "डोक्यावरच्या टोपाचे मोती असतील," तो म्हणाला. "दातही असतील. मला कळत नाही, कुल्झिपा."

ती माझ्याकडे वळली. "माके, तुम्ही तर हातभर अंतरावर होतात. तिच्याबरोबर गेलेल्या तिच्या दोन भावजयांपैकी एक म्हणते हसली, दुसरी म्हणते डोळे भरले होते. तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? एकदा एका नवरीचा टोप दांडीत अडकून खाली आला होता, तेव्हापासून ओढणी उचलताना मी फक्त दांडीच्या टोकाकडे बघतो. कुणाचीही टर उडवायला ही जीभ कधी अडली नाही. हसली म्हणून ठोकून द्यावं असं मनात आलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते जमलं नाही.

"हे आता नीट करता येत नाही?" तिने एसिरकेपला विचारलं.

"आता नाही," एसिरकेप म्हणाला. "त्या दिवशी नीट आलं असतं. नव्या कॅमेऱ्यात ते आहे. यातही घालता येतं."

"मग का नाही घातलं?"

एसिरकेपने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. काइरझानचं उत्तर मला तोंडपाठ होतं. नवा कोण घेणार, इंजिनियरांच्या पोरांनी खायचं काय, सगळं. पण ते या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता आणि समोर ओरडायला कुणी नव्हतं. ज्यांनी ती किल्ली खिशात ठेवली, त्यांना कुल्झिपा नावाची बाई आहे हेसुद्धा ठाऊक नाही.

कुल्झिपाने फोन काढून लेकीला लावला. पलीकडून आवाज आला, "मी मजेत आहे, आई. खरंच मजेत आहे. तू जेवलीस का?"

"जेवले," कुल्झिपा म्हणाली. तिने फोन ठेवला, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि पडद्याच्या आणखी जवळ सरकून बसली.

"आगा, पुन्हा लावा," ती म्हणाली.