सोमवारी बोलवू नका

ती चौकशी अजून मनातून गेलेली नाही. गुन्हा दाखल झाला नाही, अटक झाली नाही. तरी नोकरीतल्या ज्या गोष्टीबद्दल मी घरीही कधी तोंड उघडलं नाही, ती हीच.

तेव्हा मी तासगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हॉलंडची एक मुलगी निर्यातीची द्राक्षं तपासायला आली आणि एका बागायतदाराच्या घरची सून झाली. आता नवरा-बायकोला तिकडं राहायला जायचं होतं. सांगलीच्या एजंटानं सोपी वाट दाखवली होती: नवऱ्यानं पर्यटक व्हिसावर जावं, पुढचं तिकडं बघू. नवरा भुलला, पण ती अडून बसली. जायचं तर नवरा-बायको म्हणून, रीतसर, वेळ लागला तरी चालेल. अखेर तिचंच चाललं. त्या अर्जाला पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, म्हणून प्रकरण माझ्याकडं आलं.

त्याच सुमारास ठाण्यात निनावी फोन आला. हवालदारांनी घेतला.

"ते लगीन खोटं हाय, व्हिसापुरतं. दाखला देऊ नका." मग जरा थांबून, "आन् सोमवारी बोलवू नका त्यास्नी. पोरीचा उपास असतो."

वाईटावर उठलेला माणूस कुणाच्या उपासाची काळजी करत नाही. मी दोघांना मंगळवारी बोलावलं आणि वेगवेगळं बसवलं. लग्न खोटं असेल तर घरातल्या बारीकसारीक गोष्टींत माणूस अडकतो.

नवऱ्याला विचारलं, "बायको उपास कुठल्या वारी करते?"

"उपास?" तो गडबडला. "गुरुवारी... बहुतेक."

हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, लग्न खरं हाय. खोटं असतं तर पाठ करून आला असता."

बायको शांत बसली होती. मराठी पक्की तासगावची.

"सोमवार धरते. घरात आमी दोघंच धरतो, बाबा आन् मी. भगर तेच करतात माझ्यासाठी. यांना पत्ताबी नसतो." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "आवं साहेब, दाखल्याची माणसं तर सोमवारी बोलवता न्हवं? मग काल का न्हाई बोलवलं?"

"काल तुमचा उपास होता ना," मी बोलून गेलो. काहीतरी उमगल्यासारखी तिनं मान हलवली.

संध्याकाळी मी बागेत गेलो. सासरे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मला बघताच त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मीच केला फोन. टुरिस्टवाला माणूस माघारी येतो, साहेब. ह्या दुसऱ्या व्हिसानं जो जातो, तो तिकडचाच हुतो. हा अर्ज अडला तर पोरगा टुरिस्टवर जाईल, दोघं येतील परत, असं वाटलं."

"आणि तिथं राहायचा बेत उघडा पडला तर? पोराला परत पाठवतील, पुन्हा व्हिसा मिळणं कठीण. सून तिकडं, मुलगा इकडं."

सुभेदारांनी कात्री पुन्हा उचलली. "द्या दाखला. पण पोराला सांगू नका."

मी शब्द दिला. दाखला दिला, दोघं रीतसर गेले. फोनची गोष्ट मात्र ठाण्यातून फुटली; मुलानं आळ चुलतभावावर घेतला आणि बोलणं तोडलं. एका वाक्यात मी ते मिटवू शकत होतो. मिटवलं नाही. पुढं स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी ते सुटलं नाही. सुभेदारांच्या हातातली कात्री आठवायची आणि पाठोपाठ तो भाऊ.

गेल्या हिवाळ्यात सुभेदार गेले. दिवसपाणी झाल्यावर दोघं मला भेटायला आले. मी चाचरत सुरुवात केली.

"तो फोन..."

"बाबांचा होता," ती म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं. उपासाचं बाबांशिवाय कोण सांगणार? त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून गप्प बसले. तुमीबी त्यासाठीच ना?"

नवऱ्यानं हातातला कप खाली ठेवला. मग उठून म्हणाला, "चला."

आम्ही तिघं थेट चुलतभावाच्या घरी गेलो. दारातच त्यानं विचारलं, "आता कसा रं आलास?" मुलानं वाकून त्याचे पाय धरले.

जबाब काढणं मी नोकरीत शिकलो. दिलेला शब्द कधी मोडायचा, हे त्या उंबऱ्यावर शिकलो, तेही उशिरा.

चुलतभावाच्या बायकोनं पोहे आणले. सुनेनं आपली ताटली नवऱ्याकडं सरकवली. "माझा उपास हाय."

तो डोळे पुसत म्हणाला, "आज गुरुवार हाय व्हय?"