आत्याने कुटून दिलेला पाला
पाला कुटल्याचा कडसर वास आला की कॉलेजच्या प्रयोगशाळेतली ती सकाळ आठवते. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत मी आत्याच्या औषधी पाल्याचा अर्क घातला होता, आणि त्याच्याभोवती जंतू मरून स्वच्छ कडं पडलं होतं. सरांनी झाडाचं नाव विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. ओळखू येऊ नये म्हणून आत्या पाला कुटूनच द्यायची. त्याच दुपारी गावची बस पकडली. मालवणात उतरून धावत घरी गेले, तर ती पडवीत कुणाच्या तरी पायाला तोच पाला बांधत होती. “आत्ये, झाडाचा नाव सांग गो.” “नाव सांगला तर गुण जाता. माजी वेळ इली की तुकाच सांगतलंय.” त्याच पावसाळ्यात ती झोपेतच गेली. अजूनही मी दिसेल त्या कुंपणापाशी थांबते, पान चुरडते, हुंगते आणि पुढच्या झुडपाकडे वळते.